मोहीम आणि चतुःसीमा

राष्ट्रकूटांचा ताम्रपट बहुधा तीन पत्र्यांचा असतो. तिन्ही पत्रे भोक पाडून एका जाड कडीत ओवलेले, कडीच्या जोडावर राजमुद्रा, आणि अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून पत्र्यांच्या कडा जराशा उचललेल्या. वाचायला घेतले की पहिला पत्रा आणि दुसऱ्याचा बराचसा भाग लढायांत जातो. पणजोबांनी कोणाला पळवून लावले, आजोबांनी कोणाची छत्रे हिसकावली, खुद्द राजापुढे कोणकोणते मुकुट वाकले. मग काव्य थांबते आणि मजकूर एकाएकी तलाठ्याच्या दप्तरात शिरतो. अमुक विषयातले, म्हणजे जिल्ह्यातले, अमुक गाव. पूर्वेला कोणता ओढा, दक्षिणेला कोणत्या गावाची शीव. कोणते उत्पन्न दान घेणाऱ्याने खायचे, गुन्ह्यांचे दंड कोणाकडे जायचे, आणि राजाच्या शिपायाप्याद्यांनी गावात पाऊल टाकायचे नाही ते कसे.

आम्ही शिकत होतो तेव्हा हा खालचा भाग परीक्षेला येत नसे. वंशावळ पाठ करायची, लढायांची साले पाठ करायची, आणि चतुःसीमा आली की पान उलटायचे. यात शिकवणाऱ्यांचा दोष नव्हता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास सिद्ध केला तेव्हा राजे कोण, कोणामागून कोण आले, हेच मुळात ठरायचे होते. पाया घालणाऱ्याने रंगकामाची चिंता कशाला करावी? पुढे १९३४ साली अनंत सदाशिव अळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा ग्रंथ आला आणि त्यात राज्यकारभार, करव्यवस्था, गावसभा यांना राजकीय इतिहासाइतकीच ऐसपैस जागा मिळाली. अळतेकर कोल्हापूर जिल्ह्यातले. बनारसला बसून त्यांनी आपल्या मुलखातले पत्रे ओळ न ओळ वाचले. तरीही सामान्य मराठी वाचकाच्या मनात या काळाचे जे चित्र आहे ते अजून वरच्या भागाचेच: कनौजसाठी तीन राजघराणी दोनशे वर्षे भांडली, आणि मधल्या काळात कोणीतरी वेरूळचे कैलास लेणे खोदले.

या पुस्तकात दोन्ही भाग एकत्र वाचायचा प्रयत्न आहे. त्याला आधार आहे तो एका हुद्द्याचा. सांधिविग्रहिक म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा मंत्री. शेजाऱ्याशी सख्य करायचे की सैन्य हलवायचे, हा त्याचा प्रांत. आणि दानपत्राचा मसुदा लिहिणे हेही कित्येकदा त्याचेच काम असे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर राजशासन कोणी लिहावे हे सांगताना याच अधिकाऱ्याकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली: परराष्ट्रमंत्र्याने गावाच्या शिवेवरचा ओढा कशाला मोजावा? नंतर कळले की गंमत माझ्या समजुतीत होती. जमीन कोणाला द्यायची आणि लढाई कोणाशी करायची, हे त्या दरबारात एकाच बैठकीत ठरत होते.

आधी लढाई पाहू, कारण तीच ओळखीची आहे.

हर्षवर्धन इ.स. ६४७ च्या सुमारास गेला, पण कनौजचे वजन राहिले. उत्तरेचा सम्राट म्हणवून घ्यायचे तर कनौज आपल्या शब्दात हवे. आठव्या शतकाच्या शेवटी तिथे दुबळे राजे होते आणि त्यांच्या पाठीशी उभे राहायला दोन सबळ घराणी: माळवा-राजपुतान्याकडून गुर्जर-प्रतीहार, बंगाल-बिहारकडून पाल. तिसरे घराणे विंध्याच्या अलीकडचे. राष्ट्रकूट ध्रुवाने प्रतीहार वत्सराजाला मारवाडच्या वाळवंटाकडे पिटाळले आणि गंगा-यमुनेच्या दुआबात पाल राजा धर्मपालालाही गाठले. या प्रसंगातली एक वस्तू मला फार आवडते. गौड राजाची दोन पांढरी छत्रे वत्सराजाने आधी जिंकून घेतली होती; ध्रुवाने वत्सराजाला हरवून तीच छत्रे त्याच्याकडून घेतली, असे राष्ट्रकूटांचे लेख सांगतात. मुलूख जिथल्या तिथे राहिला, छत्रे मात्र बंगालहून निघून दख्खनला पोचली.

ध्रुवाचा मुलगा तिसरा गोविंद याच्या मोहिमेची हकिकत तीन दरबारांनी लिहून ठेवली आहे. धर्मपालाचा खालिमपूरचा ताम्रपट सांगतो की कनौजच्या अभिषेकाला भोज, मत्स्य, मद्र, कुरू, यदू, अवंती, गांधार अशा कितीतरी देशांच्या राजांनी मान लववून संमती दिली. ग्वाल्हेरची प्रतीहार मिहिरभोजाची प्रशस्ती सांगते की त्याचा आजा नागभट याने धर्मपालाने कनौजच्या गादीवर बसवलेला चक्रायुध याला आणि खुद्द वंगाच्या राजालाही हरवले. आणि राष्ट्रकूटांचा संजाणचा ताम्रपट सांगतो की गोविंद उत्तरेत आला, नागभटाची कीर्ती धुळीला मिळवली आणि धर्मपाल व चक्रायुध आपण होऊन त्याला शरण आले. तिघेही एकाच रंगभूमीवर आहेत आणि तिघेही नायक. यातले खरे कोण, हा प्रश्न आम्ही वर्गात तावातावाने घोळवत असू. आज मला वाटते, तिघेही बऱ्यापैकी खरे बोलत असावेत. विजय तेव्हा तेवढाच टिकत होता: एका उन्हाळ्यापुरता, समोरच्याचे सैन्य परतेपर्यंत.

भांडण शब्दांतही चाले. प्रतीहार म्हणजे द्वारपाल. त्या घराण्याने आपल्या नावाचा मान राखायला रामाच्या दारी उभ्या राहिलेल्या लक्ष्मणाशी नाते जोडले. राष्ट्रकूटांच्या कवीने तोच शब्द उचलून उलटा फिरवला: राष्ट्रकूट सत्तेचा संस्थापक दंतिदुर्ग याने उज्जयिनीला हिरण्यगर्भ महादान केले तेव्हा गुर्जर राजाला दारावर उभे केले होते, म्हणे! आज वर्तमानपत्रात आडनावावर कोटी करावी तशातला हा प्रकार. फरक इतका की हा तांब्यावर कोरलेला आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीला सापडलेला इ.स. ८०५ चा ताम्रपट तर गोविंदाने हिरावलेल्या राजचिन्हांची यादीच देतो. पांड्यांचा मासा, पल्लवांचा नंदी, चोळांचा वाघ, गंगांचा हत्ती, चेरांचे धनुष्य, आणि धर्मपालाकडून तारा देवी. वाचताना वाटते, हा राजा पृथ्वी जिंकत नव्हता, निशाणे गोळा करत होता. पण मुद्दा तोच आहे. राष्ट्रकूटांची पुढची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, तिथून कनौज सरळ रेषेत हजार किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात नद्या फुगल्या की सैन्य अडकायचे. गोविंदानेही एक पावसाळा नर्मदेकडच्या श्रीभवन नावाच्या ठाण्यात काढला आणि मग दक्षिणेकडे वळून तुंगभद्रा गाठली. इतक्या लांबचा मुलूख कायमचा सांभाळणे त्याला परवडणारे नव्हते, आणि तसा त्याचा बेतही दिसत नाही. मग जायचे कशाला?

उत्तर ताम्रपटाच्या खालच्या भागात आहे. दानाची आज्ञा कोणाकोणाला उद्देशून आहे ते पाहा: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, महत्तर. राष्ट्रपती मोठ्या प्रांताचा, विषयपती जिल्ह्याचा, ग्रामकूट गावचा मुखिया, महत्तर गावातली वजनदार मंडळी. (म्हात्रे आणि म्हेत्रे ही आडनावे या महत्तरांपासून आली असे मानतात.) ही उतरंड नीटनेटकी वाटते, पण तिच्यात राजाने नेमलेली माणसे आणि पिढीजात हक्काने बसलेली माणसे एकाच रांगेत उभी आहेत. त्यांच्याही वर सामंत. सामंताला स्वतःचे सैन्य, स्वतःची गढी, आणि राजाने दिलेला पंचमहाशब्दांचा मान, म्हणजे पाच वाद्ये वाजवत निघायचा अधिकार. बदल्यात खंडणी आणि मोहिमेला हजेरी. हजेरीला आलेल्या सामंताच्या हाती परतताना काहीतरी पडले पाहिजे: लूट, पदवी, जमीन, निदान एक वाद्य. राजा घरी बसला की देणे थांबते, आणि देणे थांबले की हजेरी थांबते.

घरी बसलेल्या राजाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. गोविंदाचा मुलगा पहिला अमोघवर्ष इ.स. ८१४ च्या सुमारास लहान वयात गादीवर आला. लाटेचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा, चुलतभाऊ कर्क याने त्याचा कारभार पाहिला, तरी बंड झालेच. गादी गेली आणि कर्काच्याच मदतीने परत मिळाली. मग हा राजा साठाहून अधिक वर्षे टिकला. विद्वान, जैन गुरू जिनसेनाचा भक्त, प्रजेवरचे संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट कापून वाहणारा. संजाणच्या ताम्रपटातच हे आहे. कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ कविराजमार्ग त्याच्याच दरबारातला. उत्तरेकडे तो फिरकला नाही. मग त्याच्या कारकिर्दीत काय दिसते? वेंगीच्या चालुक्यांशी भांडणे, गंगांचे बंड, आणि ज्या लाटेच्या शाखेने त्याला तारले तिच्याशीच पिढ्यान्‌पिढ्या युद्ध. गंगांशी तर त्याने शेवटी मुलगी देऊन सोयरीक केली. शांत राजाचे राज्य शांत असेलच असे नाही, इतकेच म्हणतो. अमोघवर्षावर माझे प्रेम आहे, पण त्याच्या सामंतांचे नसावे.

घरातली भांडणे हा या स्पर्धेचा दुसरा झरा. ध्रुवाने थोरल्या भावाला बाजूला सारून गादी घेतली. ध्रुवानेच थोरल्या मुलाला, स्तंभाला, डावलून गोविंदाला निवडले. स्तंभाने बारा राजे जमवून बंड केले, गोविंदाने ते मोडले आणि भावाला पुन्हा गंगवाडीच्या कारभारावर बसवले! ही उदारता की सोय, याची चर्चा पुढच्या प्रकरणात आहे. संजाणच्या ताम्रपटात अमोघवर्षाच्या कवीने भावाला मारून त्याचे राज्य आणि राणी घेणाऱ्या गुप्त घराण्यातल्या एका राजाला टोमणा मारला आहे. चार शतकांपूर्वी मेलेल्या राजाशी दातृत्वाची स्पर्धा लावताना आपल्या घरात काय झाले हे तो सोयीस्कर विसरतो.

जाता जाता एक. या राजांची बिरुदे पाहा: धारावर्ष, प्रभूतवर्ष, अमोघवर्ष, अकालवर्ष, नित्यवर्ष, सुवर्णवर्ष. सगळ्यांच्या शेवटी पाऊस. दानाचा वर्षाव असा त्याचा अलंकारिक अर्थ लावतात आणि तो बरोबरच आहे. पण हे घराणे स्वतःला लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवत असे, आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. लातूरकडच्या माणसाला अकालवर्ष म्हणजे अवेळी पडणारा पाऊस ही पदवी का वाटावी, हे मला पुण्यात बसून कधी उमगले नाही. मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने सांगितले, “सर, अवेळी का होईना, पडतो ना!” (राष्ट्रकूट मराठी की कानडी, हा वाद या पुस्तकात नाही. ज्यांना तो हवा आहे त्यांना इतरत्र भरपूर मिळेल.)

अरब प्रवाशांनी या राजाला बल्हरा म्हटले. वल्लभराज या बिरुदाचे ते अरबी रूप. इ.स. ८५१ च्या वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत बल्हराची गणना आहे, आणि त्याच वृत्तांतात गुर्जरांचे घोडदळ उत्तम पण अरबांशी वैर असेही नोंदले आहे. मसुदी हा लेखक हिजरी ३०४ साली, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला, येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांचे तंटे त्यांच्यातलाच नेमलेला प्रमुख सोडवतो, आणि स्थानिक राजा झंझ आहे, असे त्याने लिहिले. झंझ हा उत्तर कोकणचा शिलाहार, राष्ट्रकूटांचा सामंत. कनौजच्या राजाने चार दिशांना चार सैन्ये ठेवली आहेत आणि दक्षिणेचे बल्हरासाठी, हेही मसुदीच सांगतो. ज्या वर्षांत तो चौलच्या बंदरात विचारपूस करत होता त्याच सुमारास राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र यमुना ओलांडून कनौजवर चालून गेला होता. तिकडे महोदय नगरी, म्हणजे कनौज, उद्ध्वस्त, इकडे जहाजे भरताहेत, उतरताहेत.

याच इंद्राच्या काळातला एक ताम्रपट पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणीला मिळाला, शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. या सगळ्या कागदपत्रांत मला सर्वांत जवळचा वाटणारा हाच. संयान मंडळावर, म्हणजे संजाणच्या प्रांतावर, राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा ताजिक अधिकारी होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत वळण. इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याच्या वतीने त्याने किनाऱ्यावरची बंदरे ताब्यात आणली होती. त्याच्या कारकिर्दीत नद्यांवर फुकट तरीची सोय झाली, आणि एक अन्नछत्र, जिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. त्याच्याच संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली गेली. कोणी याला सहिष्णुतेचा पुरावा म्हणेल. मी आधी याला कारभार म्हणेन. बंदरांवर अरब व्यापाऱ्यांची ये-जा, जकात त्यांच्याकडून यायची, तर त्यांची भाषा जाणणारा माणूस खुर्चीवर हवा. आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाने गावाला भात-तूप घालावे, देवीच्या मठाचे दान मान्य करावे, हे त्या खुर्चीचेच काम होते. गुर्जरांचे अरबांशी वैर आणि राष्ट्रकूटांचे सख्य, यामागेही हाच हिशेब असावा.

दक्षिणेकडे चित्र थोडे निराळे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळात, इ.स. ९१९ आणि ९२१ मध्ये, उत्तरमेरूरच्या ब्राह्मणवस्तीने सभेच्या समित्या निवडण्याचे नियम देवळाच्या भिंतीवर कोरले. तीस वॉर्ड, प्रत्येकातून नावाच्या चिठ्ठ्या एका घड्यात टाकायच्या आणि एका लहान मुलाच्या हाताने काढायच्या. दुसऱ्या लेखात उमेदवाराचे वय पस्तीस ते सत्तर, स्वतःच्या जागेवर बांधलेले घर आणि करपात्र जमीन असावी असे सांगितले आहे. गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेला नको. आणि मागच्या वेळी समितीवर असून हिशेब न दिलेला माणूस बाद, त्याचे नातेवाईकही बाद. आजच्या सहकारी सोसायटीत हा नियम लावला तर किती निवडणुका होतील, हा विचार वाचकांनीच करावा.

याच परांतकाचा मुलगा राजादित्य इ.स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत हत्तीवर बसलेला असताना मारला गेला. मारणारा गंग राजा बुतुग, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मेहुणा आणि सामंत. ही मोठी बातमी आपल्याला कुठे मिळते? कर्नाटकातल्या आतकूरच्या एका स्मारकशिळेवर, आणि ती शिळा आहे काली नावाच्या कुत्र्याची. बुतुगाच्या पराक्रमी सरदाराने, मणलेराने, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर काली कुत्रा मागून घेतला. पुढे एका टेकडीवर मोठ्या रानडुकराशी लढताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. मणलेराने शिळा उभारली, कुत्र्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि तिची राखण न करणाऱ्याला पाप लागेल असे बजावले. चोळांचे सैन्य मोडल्याची नोंद या कुत्र्याच्या शेजारी आहे.

कृष्णाने जिंकल्यावर काय केले ते इ.स. ९५९ च्या कऱ्हाड ताम्रपटात दिसते. मेलपाटीच्या छावणीत तो दक्षिणेचे प्रांत आपल्या माणसांना वाटून देत होता आणि वेगवेगळ्या मांडलिकांकडून खंडणी घेत होता. त्याच मुक्कामात त्याने कऱ्हाडच्या गगनशिव नावाच्या शैव आचार्याला गाव दिले. एका बाजूला तंबू, हत्ती, खंडणीचे पेटारे, दुसऱ्या बाजूला शेकडो कोस दूरच्या एका मठासाठी गावाच्या शिवा लिहून घेणारा लेखक. तोंडैमंडलमच्या देवळांतल्या शिलालेखांवर तेव्हा कृष्णाच्या राज्यवर्षांची मोजदाद सुरू झाली. गावसभा त्या आधीही चालत होत्या आणि नंतरही चालल्या.

एक सावधगिरीची सूचना. ताम्रपट दान घेणाऱ्याने जपून ठेवला म्हणून आपल्याला मिळाला. कर देणाऱ्याने काही जपून ठेवलेले नाही. विष्टी, म्हणजे वेठबिगार, हा शब्द दान घेणाऱ्याच्या हक्कांच्या यादीत येतो आणि पुढच्या शब्दाकडे निघून जातो. त्या शब्दाखाली किती माणसे कोणाच्या शेतात राबली, हे पत्रा सांगत नाही. या पुस्तकातही ती माणसे पुरेशी दिसणार नाहीत.

तिसरा कृष्ण गेल्यावर फार वर्षे लागली नाहीत. इ.स. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. तिथे राहणाऱ्या पुष्पदंत या अपभ्रंश कवीच्या लेखनात त्या जळलेल्या नगरीचे दुःख आहे. पुढच्या वर्षी तैलप चालुक्याने सत्ता घेतली. तैलपही राष्ट्रकूटांचाच सामंत होता.

ठाण्याचे शिलाहार यानंतर एका अर्थी मोकळे झाले. त्यांच्या अपराजिताने शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ मध्ये, दिलेल्या ताम्रपटात खंडणी मागणारा कोणी धनी नाही. तरीही तो स्वतःच्या वंशाआधी राष्ट्रकूटांची अख्खी वंशावळ देतो आणि रट्टांचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, राज्य लयाला गेल्याची खंत करतो. मग तो खाली जमिनीवर येतो. लोनादच्या लोणादित्य या देवाला भादाणे गाव दिले, आणि गावाच्या चारही बाजूंच्या शिवा या अशा. भादाणे आणि लोनाद दोन्ही आजही भिवंडी तालुक्यात आहेत.